भिंतीवरचा हात

वसमत तालुक्यातल्या आमच्या आत्याच्या घरी, माजघरातल्या फडताळाच्या उजव्या अंगाला, भिंतीवर एक हात आहे. उजवा. थोरल्या आतेभावाच्या हळदीच्या दिवशी आत्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत भरले होते. आम्ही पोरं मागे लागलो आणि तिने हसत हसत एक हात भिंतीला टेकवला. लग्नाचा म्हणून दोनच दिवसांपूर्वी भिंतीला चुना दिलेला. पिवळा हात उमटला आणि आमच्या डोळ्यांदेखत लाल होत गेला. आम्ही ओरडलो. आत्याला त्यात नवल नव्हतं. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे तिला परकर नेसायच्या वयापासून ठाऊक.

वर्षं गेली तसा चुन्याचा जोर ओसरला आणि लाल रंग तपकिरीवर आला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, पण माजघरात ऊन येत नाही, म्हणून हात राहिला. पुढे मला हात बघायचा नाद लागला. हस्तसामुद्रिक किरोच्या पुस्तकांची मराठी भाषांतरं वाचली, जत्रेत पथारी टाकून बसलेल्या हस्तसामुद्रिकांच्या मागे उभा राहून ऐकलं, ओळखीच्यांचे शाईचे ठसे घेतले. तरी ज्याच्याकडे परत परत जावंसं वाटावं असा हात मला हा एकच मिळाला. चांगली चीज जशी दर वेळी थोडी वेगळी ऐकू येते, तसा तो दर वेळी थोडा वेगळा दिसतो.

आधी त्यात काय उमटलंय ते नीट पाहू. आयुष्यरेषा, मस्तकरेषा, हृदयरेषा यांच्यासाठी लोक हात पुढे करतात. त्या रेषा ठशात पांढऱ्या भेगांसारख्या दिसतात, कारण रेषा म्हणजे खाच आणि खाचेत गेलेली हळद भिंतीला लागत नाही. तळहाताचा मधला खळगाही कोराच राहिला आहे, ओंजळीतल्या पाण्याएवढा. जे रंगात आहे ते सगळं उंच आहे. बोटांच्या मुळांशी डोंगरांच्या ओळीसारखा एक पट्टा, अंगठ्याखाली मोठा गोल, त्याच्या समोर करंगळीच्या बाजूला खाली उतरत गेलेला लांबट भाग. भिंतीने आत्याच्या हातातलं नेमकं तेवढंच ठेवून घेतलं, ज्याला हस्तसामुद्रिकात उंचवटे म्हणतात.

हिंदीत त्यांना पर्वत म्हणतात. शुक्र पर्वत, शनि पर्वत. इंग्रजी पुस्तकांतला शब्दही डोंगराचाच. मराठीने उंचवटा हा शब्द धरला आणि मला तो फार नेमका वाटतो. पर्वत लांबून दिसतो. उंचवटा पायाखाली आल्यावर कळतो. आमच्या हिंगोली जिल्ह्यात हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी रोजचा आहे. हळदीला पाणी लागतं, पण मुळाशी तुंबलेलं पाणी तिला चालत नाही. म्हणून ती गादीवाफ्यावर लावतात, शेजारच्या जमिनीहून वीतभर उंच. त्या वीतभर उंचीवर कंद कुजणार की पोसणार हे ठरतं. तळहातावरची उंची तर ज्वारीच्या दाण्याएवढीच असते. तेवढ्या उंचीत सात ग्रह बसवणाऱ्या माणसाच्या कल्पनाशक्तीला मी मनापासून नमस्कार करतो.

तर्जनीखाली गुरू. मधल्या बोटाखाली शनी. अनामिकेखाली रवी, करंगळीखाली बुध. अंगठ्याच्या मुळाशी शुक्र, त्याच्या समोर मनगटाच्या वर चंद्र. मंगळाला दोन जागा: एक गुरू आणि शुक्राच्या मध्ये, दुसरी बुध आणि चंद्राच्या मध्ये. मधला खळगा म्हणजे मंगळाचं मैदान. आपल्याकडच्या लेखकांनी पुढे राहू-केतूंनाही या खळग्यात आणि त्याच्या खाली जागा करून दिली, कारण नवग्रहांतले दोघे बाहेर ठेवणं आपल्या मनाला पटणारं नव्हतं.

ही मांडणी मुळात आपली नव्हे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत पुरुषलक्षणं सांगितली, त्यात तळहाताची खोली आणि उंची येते. तळवा खोलगट असेल तर माणूस बापाच्या धनाला मुकतो, खोलगट पण गोलसर बांधलेला असेल तर श्रीमंत होतो, वर उचललेला असेल तर दाता होतो. तिथे हाताचा उंच-सखलपणा वाचलेला आहे, पण त्यावर ग्रह बसवलेले नाहीत. स्मृतींनी हातावर तीर्थं सांगितली ती आणखी वेगळी: अंगठ्याच्या मुळाशी ब्राह्मतीर्थ, करंगळीच्या मुळाशी प्रजापतीचं, बोटांच्या टोकांना देवांचं, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये पितरांचं. हा पाण्याचा नकाशा आहे. आचमनाचं पाणी कुठून प्यायचं आणि तर्पणाचं कुठून सोडायचं, एवढं तो सांगतो. ग्रहांचे उंचवटे आले युरोपातून. फ्रान्समध्ये दार्पांतिन्यी याने 1840 च्या सुमारास हाताच्या आकारावर पुस्तक लिहिलं, देबारोलने 1859 मध्ये हाताची गूढं मांडली, किरोचं गाजलेलं पुस्तक 1894 चं आणि अमेरिकन बेनहॅमचा जाडजूड ग्रंथ 1900 चा. किरोने आठवणींत लिहिलंय की तरुणपणी तो मुंबईला अपोलो बंदरावर उतरला, तिथे भेटलेल्या एका चित्पावन ब्राह्मणाने त्याला कोकणातल्या आपल्या गावी नेलं आणि ही विद्या त्याला तिथे मिळाली. या गोष्टीला त्याच्या शब्दापलीकडे आधार नाही. पण मराठी घरांत त्याच्या पुस्तकाला जो मान मिळाला, त्यात या कोकणाचा वाटा नक्की आहे.

आता खरी गंमत भाषांतरात झाली. ज्युपिटरचा गुरू, सॅटर्नचा शनी, मर्क्युरीचा बुध हे सरळ झालं, कारण आठवड्याच्या वारांनी त्या जोड्या फार पूर्वीच लावून ठेवल्या होत्या. अपोलोचा रवी झाला. पण अंगठ्याच्या मुळाशी व्हीनस होती: रोमची प्रेमदेवता, स्त्री. मराठी हातावर येताना तिचा शुक्र झाला. आपला शुक्र म्हणजे शुक्राचार्य, असुरांचा गुरू, मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या जाणणारा. पुस्तकं या उंचवट्याखाली जुनंच फळ छापत राहिली: प्रेम, भोग, सौंदर्याची ओढ, गाण्याची आवड. नाव बदललं की अर्थ हलतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या ध्यानात ते आत्याच्या भिंतीसमोर आलं.

मराठी नावांनी हात वाचायचा तर तर्जनीखाली बृहस्पती बसलेला आहे, देवांचा गुरू. अंगठ्याखाली शुक्राचार्य, असुरांचा गुरू. दोघांच्या मध्ये मंगळ, सेनापती. आणि जुन्या नकाशाप्रमाणे त्याच खोबणीत पितरांचं तीर्थ. दोन वैरी गुरू एकमेकांसमोर आले की चिमूट होते. कुंकू लावायचं, मीठ टाकायचं, सुई धरायची, ते सगळं या दोघांच्या भेटीतून. नर्सीच्या नामदेवांनी शिंप्याच्या घरात जन्म घेऊन सुई धरली तीही अशीच. गुरुग्रंथसाहिबातल्या त्यांच्या एका पदात मनाचा गज होतो आणि जिभेची कात्री. त्या पदाचा विचार आला की मला गज-कात्री आधी दिसत नाही, ती चिमूट दिसते.

इथे शरीरशास्त्राचं ऐकायला हवं, कारण त्याने या चिमटीला दुजोरा दिला आहे. शुक्राचा उंचवटा म्हणजे अंगठ्याचे तीन छोटे स्नायू. अंगठा बाकीच्या बोटांसमोर आणून टेकवणं, हे त्यांचं मुख्य काम. माणसाचं हत्यार धरणं, लिहिणं, घास उचलणं त्यांच्यावर चालतं. हातातला सर्वांत जाड मांसल भाग तिथेच असावा, यात आश्चर्य नाही. शुक्र मोठा असेल तर माणूस विलासी, असं पुस्तक सांगतं. आत्याचा शुक्र या ठशातला सर्वांत मोठा, सर्वांत गडद भाग आहे. हळद तिथे एवढी दाबली गेली की कडेला ओघळ आला. आत्याने विलास कधी केला? पहाटे पाचला चूल, मग शेत, मग संध्याकाळची चूल. तिचा शुक्र ज्वारीच्या पिठाने वाढवला. भाकरीचं पीठ मळताना सगळा भार अंगठ्याच्या मुळावर येतो. पीठ चिकट होईपर्यंत, भाकरीची कड फाटणार नाही इतकं, ते त्याच मांसाखाली रगडावं लागतं. रोजच्या पंधरा-वीस भाकरी, साठ वर्षं. तिच्या शुक्रात मला संजीवनी वाचता येते, भोग वाचता येत नाही. घर जिवंत ठेवणारा उंचवटा, असं मी तिथे लिहीन.

बोटांखालचा पट्टा वाचायला सर्वांत अवघड, आणि म्हणून सर्वांत सुंदर. पुस्तकातल्या आकृतीत चार बोटांखाली चार टेंगळं काढलेली असतात, बरोबर बोटाच्या मध्यावर. खरा हात असा नसतो. आपला हात उजेडात जरा वाकवून धरा. उंच भाग बोटांच्या खाली नाहीत, दोन बोटांच्या मधल्या फटीखाली आहेत. बोटाच्या सरळ रेषेत आतून स्नायूंचे दोर जातात, वरून चिवट पडद्याच्या पट्ट्या जातात, त्यामुळे तिथे मांस दबलेलं राहतं. पट्ट्यांच्या मधून मात्र चरबीची गादी वर फुगते. म्हणजे गाद्या तीन आणि ग्रह चार. हस्तसामुद्रिकांनी ही अडचण फार देखण्या रीतीने सोडवली. उंचवटा शेजाऱ्याकडे झुकला, असं ते म्हणतात. गुरू शनीकडे झुकला, रवी बुधाकडे झुकला. आपल्या खटल्याच्या घरात जसं कोणाचं काय हे पटकन सांगता येत नाही, तसं हे आहे. शनीला तर स्वतःची गादी बहुधा नसतेच; तो गुरूच्या नाहीतर रवीच्या घरी राहतो. एकटेपणाच्या ग्रहाला स्वतःचं घर नसावं, ही गोष्ट कोणी ठरवून लिहिली असती तर मी तिला दाद दिली असती. हाताने ती आपोआप लिहिली आहे.

उंचवटा नेमका कोणाचा, हे ठरवायला बेनहॅमने एक युक्ती सांगितली आणि त्याच्या हजारभर सूचनांत मला ती सर्वांत मोलाची वाटते. मांसाचा फुगवटा सोडा, म्हणाला, कातडीवरच्या बारीक ओळी बघा. बोटाखाली तीन बाजूंनी आलेल्या ओळी एका ठिकाणी मिळून छोटासा त्रिकोण करतात. तो उंचवट्याचा कळस. कळस बोटाच्या मध्याखाली असेल तर ग्रह स्वतःच्या घरी. सरकलेला असेल तर जिकडे सरकला त्याच्या प्रभावाखाली. या त्रिकोणांना पुढे विज्ञानातही मान्यता मिळाली, अर्थात फळ सांगण्यासाठी नव्हे. कमिन्स आणि मिडलो यांनी 1926 मध्ये हातापायांच्या या ओळींच्या अभ्यासाला स्वतंत्र नाव दिलं, आणि चार बोटांखालचे चार त्रिकोण आजही त्या अभ्यासात मोजमापाचे खांब आहेत.

त्याहून आत गेलं की माझं डोकं आदराने खाली जातं. गर्भ साधारण सात आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या इवल्या तळहातावर खरोखरचे उंचवटे येतात: बोटांच्या टोकांवर, बोटांच्या मधल्या फटींखाली, अंगठ्याच्या मुळाशी, समोरच्या कडेला. फुगीर, स्पष्ट, अगदी ग्रहांच्या नकाशासारखे. तीन-चार आठवड्यांत ते ओसरू लागतात, आणि ओसरत असतानाच त्यांच्यावर कातडीच्या ओळी पडू लागतात. उंचवटा तेव्हा किती उंच होता यावर बोटावर भोवरा पडणार की कमान, हे बरंचसं ठरतं. उंच असेल तर भोवरा, ज्याला आपण चक्र म्हणतो. बसका असेल तर कमान. जन्माच्या आधीच टेकड्या विरतात आणि त्यांच्यावरून वाहिलेल्या पाण्याच्या खुणा तेवढ्या उरतात. आत्याच्या ठशात तर्जनीच्या टोकाला चक्र आहे. एकेकाळी त्या जागी उंच टेकडी होती, तिच्या आईच्या पोटात.

मंगळाकडे वळण्याआधी मला एका माणसाबद्दल सांगायचंय. औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक दर वर्षी भेटायचे. नागनाथाच्या देवळात मान वाकवून खालच्या गाभाऱ्यात उतरून आले की बाहेर कट्ट्यावर बसायचे. ओळखीचे लोक हात पुढे करायचे. पैसे घेत नसत. मी पहिल्यांदा हात दाखवला तेव्हा त्यांनी रेषांकडे पाहिलंही नाही. माझा हात त्यांच्या डाव्या हातावर सैल ठेवायला सांगितला, डोळे मिटले आणि उजव्या अंगठ्याने एकेक उंचवटा दाबत गेले. मी विचारलं, "गुरुजी, बघायलात की नाही?"

"उंचवटा बघायचा नसतो, बाबा. चाचपायचा असतो. मळलेल्या कणकेला बोट लावून बघतात ना, तसा. दाबलेलं परत वर येतंय का, एवढं कळलं की पुष्कळ झालं."

बायकांचे हात ते स्वतः धरत नसत. त्यांना म्हणत, माय, तुझ्याच अंगठ्याने दाब आणि मला सांग कसं लागतंय ते. तिने सांगावं, त्यांनी ऐकावं, आणि त्या ऐकण्यातच पुष्कळ बोलणं होऊन जायचं. उंचवट्यांची विद्या रेषांच्या विद्येहून वेगळी आहे ती इथे. रेषा लांबून वाचता येते, फोटोवरूनही सांगता येते. उंचवट्याला स्पर्श लागतो. ज्याचा हात आहे त्याचा हात हातात घ्यावा लागतो. मला वाटतं, जत्रेत माणसं हात दाखवायला थांबतात त्याचं अर्धं कारण हेच आहे की कोणीतरी दोन मिनिटं आपला हात धरतं.

गुरुजींनी एक सावधपणा शिकवला: घट्टा आणि उंचवटा यांची गल्लत करू नये. खुरप्याची मूठ, विळ्याची मूठ, कुऱ्हाडीचा दांडा जिथे घासतो तिथे कातडी जाड होते, आणि उंच भागच आधी घासला जात असल्यामुळे घट्टे उंचवट्यांवरच पडतात. पुस्तकी वाचक त्या जाडपणाला ग्रहाचं बळ समजतो. कातडी चिमटीत धरून हलवली की कळतं. घट्टा वरचा असतो, उंचवटा आतला. आमच्या भागात हात बघायचा तर हे आलंच पाहिजे. माघ-फाल्गुनात हळद निघते तेव्हा बायकांचे हात मजुरीला लागतात. पाला कापून खणलं की कंद वर येतात, मग बसून हाताने मोडणी: जेठा गड्डा वेगळा, बगल गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. प्रत्येक हळकुंड अंगठा आणि तर्जनीच्या जोराने मोडायचं. मग कुकरमध्ये उकडायचं, दोन आठवडे उन्हात वाळवायचं, ड्रममध्ये घोळून पॉलिश करायचं. त्यानंतर कांडी आणि गट्टू होऊन ती वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात जाते. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनात माती आली, हवामान आलं, कुरकुमीन आलं. मोडणीच्या हातांचं मानांकन भिंतीवर आहे.

आता मंगळ. ठशात बुधाच्या खाली, कडेला, दोन बोटं रुंद एक जागा फार ठाम उमटली आहे. हा वरचा मंगळ. खालचा मंगळ चढाईचा, वरचा सोसण्याचा, असं पुस्तकं सांगतात. मूठ आपटताना जो भाग टेबलावर बसतो तो हाच, आणि ओझं डोक्यावर धरताना पाटीच्या काठाखाली येतो तोही हाच. आत्याने आयुष्यात मूठ कधी आपटली नाही. पाट्या मात्र वाहिल्या. म्हणून पुस्तकाने इथे सोसणं वाचलं ते मला मान्य आहे. बुधाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. करंगळी भिंतीला अर्धवटच टेकली होती.

चंद्रापाशी मात्र थांबायला हवं. करंगळीच्या बाजूचा हा खालचा भाग: कल्पना, पाणी, प्रवास, चंचलपणा. पुस्तकांच्या यादीत माझा सर्वांत आवडता. कागदावर लिहिताना हाताचा कोणता भाग कागदावर टेकलेला असतो, हे कधी पाहिलंय? चंद्राचा. लिहिणाऱ्याची शाई तिथेच लागते, शाळेतून घरी येताना आमच्या हातांवर निळा डाग असायचा तो तिथेच. कल्पनेचा ग्रह कागदाला सर्वांत आधी शिवतो आणि ओळ संपेपर्यंत सोडत नाही. आत्या शाळेत गेली नाही. तिच्या चंद्राला कागद मिळाला नाही. पण ठशात चंद्राची बाहेरची कड विरळ, पुसट आहे, आणि मला ती नेहमी थोपटणाऱ्या हातासारखी दिसते. बाळाला थोपटताना हात याच कडेवर हलका होतो. आम्हा सहा भावंडांना आणि आतेभावंडांना तिने या कडेने झोपवलं.

एवढं प्रेमाने वाचल्यावर एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. उंचवट्यांवरून कोणाचं उद्या कळत नाही. मला एकाही हातात ते दिसलेलं नाही आणि कोणत्याही चाचणीने ते सिद्ध झालेलं नाही. हात सांगतो ते काल काय झालं हे, आणि थोडंफार आज काय चाललंय हे. शुक्राचा उंचवटा काही महिन्यांत खपाटीला गेला, अंगठा जड वाटू लागला, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर ते शुक्राचं दुर्बळपण नव्हे. मनगटातून जाणारी नस दाबली गेली असू शकते. करंगळीकडची बाजू सुकू लागली तर दुसरी नस. हाताला बधिरपणा असेल तर कुष्ठरोगाचीही तपासणी करावी लागते, आणि तो वेळेवर औषध घेतलं तर बरा होतो. अशा वेळी हात डॉक्टरला दाखवावा, त्याच आठवड्यात. गुरुजी स्वतः असे हात सरकारी दवाखान्यात धाडत.

आणि लग्नाचं. आमच्या नात्यातलं एक ठरत आलेलं लग्न, मुलीच्या हातावरचा मंगळ उंच आहे म्हणून मोडलं. ती मुलगी शेतात काम करणारी होती; तिचा मंगळ पाटीने उंच केला होता. जो उंचवटा कष्टाने आला तोच तिच्या आड आला, ही गोष्ट मी आजवर विसरलो नाही. बहिणाबाई चौधरींनी एका कवितेत ज्योतिष्याला आपल्या दारी येऊ नकोस म्हणून सांगितलं. पती गेल्यावर एकट्या पडलेल्या बाईचा तो आवाज आहे; आपलं दैव आपल्याला कळतं, हे तिचं म्हणणं. उंचवट्यांच्या कलेवर प्रेम करणाऱ्याने त्या कवितेशी भांडू नये. ही कला फळ सांगायला निघाली की खोटी होते. माणसाचा हात हातात घेऊन, त्याने काय काय उचललं हे ओळखायला निघाली, तर तिच्याइतकी बारीक आणि मायाळू वाचनाची रीत मला दुसरी माहीत नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याचा एक ठसा घ्या. शाई नको; हळद पुरे, आणि जाड पांढरा कागद. हात फार दाबू नका, मधला खळगा कोरा राहू द्या. खाली नाव आणि तारीख लिहा. उन्हात ठेवू नका.

आत्याला जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटच्या दिवाळीत मी माजघरात भिंतीसमोर उभा होतो तेव्हा ती मागून म्हणाली होती, "काय बघायलास रे एवढं? हाय की हात माझा," आणि खरा हात माझ्या हातात दिला. शुक्र तेव्हा सैल पडला होता, दाबल्यावर परत वर यायला वेळ लागत होता. भिंतीवरचा मात्र लग्नाच्या दिवसाएवढाच भरलेला होता. माझा आतेभाऊ दर दसऱ्याला घराला चुना देतो. त्या हाताभोवती वीतभर जागा तो सोडतो.